नोंद नसलेले डाव

बुद्धिबळाच्या स्पर्धेत खेळाडूसमोर पटाखेरीज आणखी दोन वस्तू असतात: एक घड्याळ आणि दुसरा कागद. घड्याळ वेळेचा हिशेब ठेवते, कागद खेळींचा. स्वतःची खेळी आणि प्रतिस्पर्ध्याची खेळी दोन्ही आपल्या हाताने लिहावयाच्या आणि डाव संपला म्हणजे दोघांनी दोन्ही कागदांवर सह्या करावयाच्या, अशी ह्या खेळाची शिस्त आहे. नवख्याला हा निव्वळ कारकुनी उपचार वाटतो. वस्तुतः बुद्धिबळाचा सारा इतिहास ह्या कागदावर उभा आहे. मल्लाची कुस्ती पाहणाऱ्याच्या स्मरणात राहते आणि त्याच्याबरोबरच मावळते. गायकाची मैफल ऐकणाऱ्याबरोबर जाते. बुद्धिबळाचा डाव मात्र लिहून ठेवला असेल तर शंभर वर्षांनंतरही जसाच्या तसा पुन्हा पटावर मांडता येतो, आणि त्या वेळी कोण किती पाण्यात होते हे नव्याने तपासता येते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर राहत असत. बुद्धिबळात त्यांची मोठी ख्याती होती. महेशचंद्र बॅनर्जी ह्या बंगाली खेळाडूशी त्यांचे अनेक डाव झाले, आणि त्यांतील बऱ्याच डावांच्या खेळी लिहिल्या जाऊन टिकून राहिल्या. मध्यभागावर एकदम प्यादी न लोटता उंट बाजूने आणून दुरून मारा धरण्याची महेशचंद्रांची रीत त्या काळच्या युरोपीय जाणकारांना विचित्र वाटे. पुढे त्याच धाटणीच्या सुरुवातींना ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव मिळाले आणि विसाव्या शतकात जगातील श्रेष्ठ खेळाडूंनी त्या आपल्याशा केल्या. महेशचंद्रांचे चरित्र फारसे उपलब्ध नाही. परंतु त्यांचे डाव आहेत, आणि तेवढ्यावर त्यांचे इतिहासातील स्थान अढळ राहिले आहे. ते डाव कोणी लिहिले नसते, तर ‘कलकत्त्यात एक मोठा खेळाडू होऊन गेला म्हणतात’ एवढी आख्यायिका उरली असती. ऐकीव कीर्ती आणि इतिहास ह्यांत एवढेच अंतर आहे. पण ते फार मोठे अंतर आहे.

माणसांच्या बाबतीत खरी असलेली ही गोष्ट यंत्रांच्या बाबतीत अधिकच खरी ठरते. कारण बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राची कथा सुरू होते तीच मुळी एका फसवणुकीने. १७७० मध्ये व्हिएन्ना येथे महाराणी मारिया तेरेसाच्या दरबारात वोल्फगांग फोन केम्पेलेन याने तुर्की वेषातील एक बाहुला आणला. पेटीमागे बसलेला हा बाहुला आपल्या हाताने मोहरी हलवी आणि चांगल्या चांगल्यांना हरवी. पुढे अनेक दशके तो युरोप-अमेरिकेत फिरला, आणि १८५४ मध्ये फिलाडेल्फिया येथील आगीत जळून गेला. पेटीत एक निपुण खेळाडू लपून बसत असे. एडगर ॲलन पो ह्या अमेरिकन लेखकाने १८३६ मध्ये ह्या बाहुल्यावर निबंध लिहून आत माणूस असला पाहिजे असे प्रतिपादन केले. त्याचा निष्कर्ष बरोबर होता. परंतु त्याने दिलेल्या कारणांपैकी एक असे होते, की खरे यंत्र असते तर ते प्रत्येक डाव जिंकले असते, आणि हा बाहुला तर अधूनमधून हरतो! खरी यंत्रेही हरतात, हे पुढे सर्वांनी पाहिले. संशय घेणे योग्य असले तरी संशयाची कारणेही तपासून घ्यावी लागतात, असा धडा त्या निबंधाने नकळत दिला आहे.

अस्सल यंत्राचा काळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात फंग-श्युंग श्यू ह्या तैवानी विद्यार्थ्याने बुद्धिबळाच्या खेळी निर्माण करणारी एक चिप तयार केली. मरे कॅम्बेल आणि भारतातून तेथे शिकावयास गेलेले टॉमस अनंतरामन हे त्याचे सहकारी होते. ह्या मंडळींच्या ‘डीप थॉट’ यंत्राने १९८८ मध्ये बेंट लार्सन ह्या डॅनिश ग्रँडमास्टरास स्पर्धेत हरविले. त्यानंतर श्यू आणि कॅम्बेल आयबीएम कंपनीत गेले आणि ‘डीप ब्लू’ ह्या महासंगणकाची उभारणी सुरू झाली. १९९६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फिया येथे, म्हणजे तुर्की बाहुला जेथे जळाला त्याच शहरी, ह्या यंत्राने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्ह यांच्याकडून पहिला डाव जिंकला. सामना मात्र कास्पारोव्ह यांनी ४–२ असा जिंकला. ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्क येथे दुसरा सामना संपला तेव्हा ३½–२½ असा निकाल यंत्राच्या बाजूने लागला. ह्या यंत्रात बुद्धिबळासाठी खास बनविलेल्या ४८० चिपा होत्या, आणि ते एका सेकंदात सुमारे २० कोटी पटस्थिती तपाशीत असे.

ह्याच वर्षांत दुसरी एक प्रगती शांतपणे घडत होती. घरच्या टेबलावर ठेवण्याच्या साध्या संगणकावर चालणारे बुद्धिबळाचे कार्यक्रम दुकानांत विकत मिळू लागले होते: फ्रिट्झ, रेबेल, जीनियस, हायआर्क्स. सेकंदाला कोट्यवधी पटस्थिती तपासणे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. तरीही त्यांचे बळ भराभर वाढत होते. १९९४ च्या ऑगस्टमध्ये लंडन येथे जीनियसने जलद खेळाच्या स्पर्धेत खुद्द कास्पारोव्ह यांना बाद केले. १९९८ मध्ये इटलीतील इस्किया बेटावर रेबेलने विश्वनाथन आनंद यांच्याविरुद्धचा आठ डावांचा सामना ५–३ असा जिंकला. ह्या दुसऱ्या सामन्याचा तपशील पाहिला म्हणजे नोंदीचे मोल कळते. आठांपैकी सहा डाव अतिजलद किंवा जलद होते. पूर्ण वेळेचे डाव दोनच होते, आणि त्या दोहोंत आनंद १½–½ असे वरचढ ठरले होते. नुसता ‘५–३’ हा आकडा सांगितला असता तर यंत्राने आनंद यांना सर्वच बाबतींत मागे टाकले असा समज झाला असता. डावांची आणि वेळेची नोंद असल्यामुळे खरी गोष्ट काय होती ते कोणालाही पाहता येते.

मग साहजिकच एक प्रश्न उभा राहिला. कोट्यवधींचा महासंगणक आणि दुकानातून आणलेला घरगुती कार्यक्रम ह्यांची गाठ पडली तर काय होईल? ह्या प्रश्नाचे उघड उत्तर एकदा मिळाले होते, आणि ते महासंगणकाच्या अनुयायांना रुचणारे नव्हते. १९९५ मध्ये हाँगकाँग येथे संगणकांची जागतिक स्पर्धा झाली. तेथे डीप ब्लूच्या नावाने त्याची आधीची पिढी उतरली होती. पाचव्या फेरीत पांढरी मोहरी घेऊन खेळताना हे यंत्र साध्या संगणकावर चालणाऱ्या फ्रिट्झकडून ३९ खेळींत हरले, आणि स्पर्धेचे विजेतेपदही फ्रिट्झला मिळाले. हा डाव छापला गेला, जगभर अभ्यासला गेला. त्यावरून कोणी ‘घरगुती कार्यक्रम महासंगणकाहून श्रेष्ठ’ असा सिद्धांत काढील तर तो अर्थातच घाईचा ठरेल; एका डावावरून एवढे सिद्ध होत नाही. परंतु तो डाव आहे, आणि त्याविषयी बोलणाऱ्यास काही आधार आहे.

१९९७ नंतर मात्र परिस्थिती चमत्कारिक झाली. विजयानंतर डीप ब्लूने सार्वजनिक सामना खेळला नाही. कास्पारोव्ह यांची पुन्हा सामन्याची मागणी मान्य झाली नाही, यंत्र मोडीत काढण्यात आले, आणि त्याचे भाग अमेरिकेतील संग्रहालयांत जाऊन बसले. अशा वेळी श्यू यांच्या लिखाणातून जाणकारांना एक गोष्ट कळली. आपल्या संघाने प्रयोगशाळेत बुद्धिबळाची एकच चिप घेऊन, तीही मुद्दाम मंद करून, बाजारातील नामांकित कार्यक्रमांशी खेळविली होती, आणि तिने एकतर्फी विजय मिळविले होते, असे त्यांनी लिहिले. त्या डावांच्या खेळी मात्र प्रसिद्ध झाल्या नाहीत.

ह्या विधानाचे महत्त्व नीट ध्यानात घेतले पाहिजे. डीप ब्लू बलवान का, ह्या प्रश्नाला दोन उत्तरे संभवत होती. एक असे, की ते केवळ वेगाने मोजते; बैलगाडीशी आगगाडीने शर्यत लावावी तसा हा प्रकार. दुसरे असे, की त्या चिपेत बुद्धिबळाचे ज्ञान अधिक सखोल भरलेले आहे: पटस्थितीचे मोल ठरविताना ती हजारो बारकावे विचारात घेते, आणि घरगुती कार्यक्रमांना वेगाअभावी हे परवडत नाही. चिप मंद करून वेग समान केला, आणि तरीही ती एकतर्फी जिंकली, तर दुसरे उत्तर सिद्ध होते. म्हणजे हे खासगी डाव एखाद्या दुपारची करमणूक नव्हते. यंत्राच्या बुद्धीविषयीच्या एका मोठ्या सिद्धांताचा पुरावा ते होते. आणि नेमका हाच पुरावा कोणाला पाहता आला नाही.

संशय व्यक्त करणाऱ्यांनी ह्यावर जे प्रश्न विचारले ते कोणाच्या प्रामाणिकपणावर शिंतोडे उडविणारे होते असे समजण्याचे कारण नाही. ते खेळाच्या आणि यंत्राच्या स्वभावातून निघालेले प्रश्न होते. पहिला प्रश्न असा, की डाव खरोखर वेगवेगळे होते काय? संगणकाला लहर नसते. त्याच स्थितीत, तितक्याच वेळात, तो पुष्कळदा तीच खेळी करतो. दोन कार्यक्रमांना एकाच सुरुवातीपासून दहा वेळा खेळविले आणि विविधतेची काही तजवीज केली नाही, तर दहा डाव म्हणून मोजलेला निकाल एकाच डावाची दहा वेळा झालेली पुनरावृत्ती असू शकतो. दुसरा प्रश्न सुरुवातीच्या खेळींचा. प्रत्येक कार्यक्रमाजवळ तयार सुरुवातींचे एक पुस्तक असते. ते बंद ठेवले किंवा प्रतिस्पर्ध्याला त्याचे कच्चे दुवे ठाऊक असले, तर डाव निम्मा तेथेच ठरतो. तिसरा प्रश्न वेळेचा आणि साधनांचा: कोणत्या संगणकावर, किती स्मृती देऊन, दर खेळीस किती वेळ देऊन हे खेळविले? चौथा प्रश्न निवडीचा: जेवढे डाव खेळले गेले तेवढे सर्व मोजले गेले काय?

ह्या चारही प्रश्नांची बहुतेक उत्तरे एका वहीच्या पानांत मावली असती. शिवाय घरगुती कार्यक्रमांच्या बाबतीत नोंदीचा एक विशेष लाभ असतो. महासंगणक कोणाच्या घरी नसतो. परंतु त्याचा प्रतिस्पर्धी दुकानात मिळतो. डावाच्या खेळी हाती असतील तर तोच कार्यक्रम तशाच संगणकावर चढवून, तीच पटस्थिती त्याच्यापुढे मांडून, तो खरोखर तीच खेळी करतो की नाही हे कोणताही जिज्ञासू पडताळून पाहू शकतो. दोन पक्षांपैकी एकाची साक्ष अशी घरबसल्या उलटतपासणीस उपलब्ध असावी, हे भाग्य इतिहासकाराच्या वाट्याला क्वचितच येते. ते येथे हुकले.

संघाच्या बाजूनेही काही म्हणता येते, आणि ते न म्हणणे अन्यायाचे होईल. प्रयोगशाळेतील असे डाव मुख्यतः यंत्राची घडण सुधारण्यासाठी खेळविले जातात. सुतार रंधा मारताना प्रत्येक ढलपी जपून ठेवीत नाही. त्या संघापुढील ध्येय जगज्जेत्याला हरविणे हे होते, आणि ते ध्येय त्यांनी जगासमोर, प्रत्येक खेळी उघड ठेवून, गाठले. ज्यांनी एवढे केले त्यांचा शब्द हलका मानण्याचे कारण नाही. शिवाय त्यांचे विधान असंभाव्यही नव्हते. पुढे अबूधाबी येथील ‘हायड्रा’ ह्या खास बनावटीच्या महासंगणकाने २००४ मध्ये श्रेडर ह्या त्या काळच्या अग्रगण्य कार्यक्रमास आठ डावांत ५½–२½ असे हरविले. खास यंत्र घरगुती कार्यक्रमाहून वरचढ ठरू शकते एवढे तरी ह्या उघड सामन्याने दाखविले. परंतु संभाव्य असणे आणि सिद्ध होणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

उलट बाजूचा अनुभवही लक्षात घेण्याजोगा आहे. १९९७ च्या सामन्यातील दुसऱ्या डावात यंत्राने अशा काही संयमी खेळी केल्या, की त्यामागे माणसाचा हात असावा असा संशय कास्पारोव्ह यांनी घेतला आणि यंत्राच्या विचारांची नोंद मागितली. ती त्या वेळी हाती आली नाही. नंतर कंपनीने ती प्रसिद्ध केली. मधल्या काळात संशयाने मूळ धरले ते धरलेच. दरम्यान त्याच डावाच्या छापील खेळींनी वेगळेच आश्चर्य पुढे आणले. कास्पारोव्ह यांनी ज्या स्थितीत डाव सोडला तेथे बरोबरीची वाट असल्याचे विश्लेषकांनी लगोलग दाखविले. जगज्जेत्याला जे पटावर दिसले नाही आणि यंत्रानेही ज्याची दखल घेतली नाही, ते कागदाने सांगितले. नोंद प्रसिद्ध करण्यात झालेला विलंब आणि नोंदीतून निघालेले सत्य, ह्या दोन्ही गोष्टी एकाच डावात एकत्र आल्या आहेत.

वीस वर्षांनी हेच नाट्य नव्या पात्रांनिशी पुन्हा रंगले; मात्र त्याचा शेवट अधिक समाधानकारक झाला. २०१७ च्या डिसेंबरात लंडनच्या डीपमाइंड संस्थेने जाहीर केले, की केवळ नियम सांगून स्वतःशीच खेळावयास लावलेल्या ‘अल्फाझिरो’ ह्या यंत्राने स्टॉकफिश ह्या कार्यक्रमाला शंभर डावांत हरविले: २८ विजय, ७२ बरोबरी, पराभव एकही नाही. स्टॉकफिश हा कोणालाही विनामूल्य मिळणारा कार्यक्रम; अल्फाझिरोच्या शिक्षणासाठी मात्र हजारो खास चिपा राबल्या होत्या. शंभरांपैकी फक्त दहा डाव प्रसिद्ध झाले, आणि ते दहाही अल्फाझिरोने जिंकलेले होते. लगेच आक्षेप आले. स्टॉकफिशला दर खेळीस ठरीव एक मिनिट दिल्यामुळे वेळेची काटकसर करण्याची त्याची कला वाया गेली. त्याला स्मृती अपुरी दिली होती. सुरुवातींचे पुस्तक नव्हते. आवृत्तीही वर्षभर जुनी होती. हे आक्षेप घेणाऱ्यांत स्टॉकफिशच्या निर्मात्यांपैकी एक आणि नामवंत ग्रँडमास्टर होते.

येथे संस्थेने जे केले ते अनुकरणीय आहे. एक वर्षाने, २०१८ च्या डिसेंबरात, ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात सविस्तर निबंध आला. ह्या खेपेस सामना एक हजार डावांचा होता. स्टॉकफिशला पुष्कळ अधिक स्मृती दिली होती. दर डावास तीन तास आणि प्रत्येक खेळीस १५ सेकंद अधिक असा स्पर्धेचा वेळ ठेवला होता. निकाल: १५५ विजय, ६ पराभव, बाकी ८३९ बरोबरी. दोनशेंहून अधिक डाव लोकांच्या हाती दिले गेले.

ह्या दोन निकालांची तुलना फार बोलकी आहे. पहिल्या सामन्यात अल्फाझिरोला शेकडा ६४ गुण मिळाले होते. खेळाडूंचे बळ मोजण्याच्या प्रचलित पद्धतीनुसार हा सुमारे १०० गुणांकांचा फरक होतो. दुसऱ्या सामन्यात शेकडा ५७ आणि थोडे वर, म्हणजे सुमारे ५२ गुणांकांचा फरक. म्हणजे अटी सुधारल्या, डाव वाढले, नोंद उघड झाली, तेव्हा श्रेष्ठत्व जवळजवळ निम्म्यावर आले. पण ते नाहीसे झाले नाही. संशय घेणाऱ्यांचे म्हणणे खरे होते, आणि दावा करणाऱ्यांचेही खरे होते. दोघांनाही आपापल्या सत्याचे नेमके माप मात्र नोंदीनेच मिळाले. पुढे त्याच पद्धतीवर स्वयंसेवकांनी उभारलेल्या ‘लीला’ ह्या खुल्या कार्यक्रमाने २०१९ मध्ये, प्रत्येक खेळी जगासमोर होत असलेल्या स्पर्धेत, अंतिम सामन्यात स्टॉकफिशला हरविले, आणि मूळ कल्पनेविषयी उरलीसुरली शंकाही मिटली.

डीप ब्लूच्या मंद केलेल्या चिपेला अशी दुसरी संधी मिळाली नाही. आज कोणी तिच्या बाजूने बोलतो, कोणी विरुद्ध. दोघांपाशीही पुरावा नाही. ती खरोखरच तेवढी बुद्धिमान असेल तर तिच्यावर अन्याय झाला आहे, आणि तिच्या निर्मात्यांवरही. कारण आपल्या कर्तृत्वाचा एक महत्त्वाचा भाग त्यांना जगाच्या स्वाधीन करता आला नाही. संशय घेणारे त्यांचे शत्रू नव्हते. ‘डाव दाखवा’ ही मागणी करणारा माणूस डाव समजून घेण्यास तयार असतो; ज्याला कशाशीच कर्तव्य नसते तो काही मागतच नाही.

कलकत्त्यात कॉक्रनसमोर बसलेल्या महेशचंद्रांपाशी कोणतीही सत्ता, संस्था किंवा संपत्ती नव्हती. त्यांच्या खेळी कोणीतरी कागदावर उतरविल्या, एवढेच झाले. दीडशेहून अधिक वर्षांनी ते डाव पटावर मांडणाऱ्यास महेशचंद्र अजून भेटतात. जगातील सर्वांत वेगवान यंत्राच्या त्या खासगी विजयांविषयी मात्र असे म्हणता येत नाही. घडलेली गोष्ट आणि लिहिलेली गोष्ट ह्यांत भेद असतो हे खरे. पण जी गोष्ट कोठेच लिहिली गेली नाही, ती घडली असूनही पुढच्या पिढीच्या दृष्टीने घडायचीच राहते.